तिसरा रकाना

पाळकसाहेबांनी उपासनेनंतर
एकेकाच्या हातात कागद दिला.
नाव. पत्ता. आणि तिसरा रकाना :
या महिन्यात किती जणांना साक्ष दिली?
पेन माझ्याच पर्समधलं,
भिशीच्या हिशेबाचं, टोपण चावलेलं.

छावणीतून घरी येताना
ऑटोत मोजायला बसले.

लुणिया भाभींना जिरावनाची कृती दिली, ती धरायची?
मुळात त्यांचीच होती, मी सुधारून परत केली.
इस्त्रीवाल्या रामसजीवनच्या मुलीला सातवीचं गणित.
अपूर्णांक तिच्या डोक्यात शिरत नाहीत,
माझ्याही शिरायचे नाहीत, हे तिला सांगून टाकलं.
साक्षच म्हणा ती.

आणि कुमुद धारकर.
भिंतीपलीकडली. एकतीस वर्षं.
आमच्या गल्लीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड.
तिची मोटर जळली त्या उन्हाळ्यात
माझा पाइप भिंतीवरून तिच्या टाकीत.
ती म्हणायची, "तुझ्या येशूला सांग, प्रेशर वाढव जरा."
मी म्हणायची, "हे खातं नगर निगमचं."
एवढंच आमचं धर्माबद्दलचं बोलणं.
संक्रांतीला तिच्या वड्या, नाताळात माझ्या करंज्या,
डबा रिकामा परत करायचा नाही
हा नियम कुणी केला, आठवत नाही.

सुरुवातीला होता माझ्याकडे गळ.
खोटं कशाला बोलू.
नवी सून, मंडळीत उत्साह,
डब्याला झाकण लावताना वाटायचं
आज ही विचारेल, आज मी सांगेन.
एक वचन न्यायची बडीशेपेसारखं
जिभेखाली धरून.
तिनं विचारलं ते, खवा कुठला.
आणि एकदा, हातातलं काम थांबवून :
"तू माझ्याकडे येतेस, की माझ्यामागे येतेस?"

त्या दिवशी गळ टाकून दिला.
डबा तेवढा ठेवला.

मागच्या पौषात धारकर एम. वाय.मध्ये.
सहावा मजला, लिफ्ट बंद,
थर्मासातला चहा कोमट होऊन गेलेला.
ती म्हणाली, "ते तुझं म्हण ना.
डोळे मिटून म्हणतेस ते."
आणि मला,
संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करण्यात
कायम पहिल्या आलेल्या मला,
शब्द सापडेना.
"प्रभू" म्हटलं, पुढे नुसतं नाक ओढलं.
तिनंच माझा हात धरला.
मग तिचं संध्याकाळचं स्तोत्र सुरू केलं,
मध्येच अडली.
पुढची ओळ मला येत होती,
भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकून.
मी सांगितली.

पाळकसाहेब, हे कुठल्या रकान्यात?

पहाटे धारकर गेले.

तेराव्यानंतर आम्ही ओटीवर
हरभरे सोलत बसलो होतो,
बोटं हिरवी, आंबट.
"त्या रात्री तू हाक मारलीस," ती म्हणाली,
"तो काही बोलला का गं?"
"नाही."
"मग?"
"होता."
तिनं एक घाटा फोडला, आत किडका दाणा,
तो बाजूला ठेवला.
"कुणीतरी होतं खरं," म्हणाली,
"मी समजले तू आहेस."

यावर काय सांगायचं असतं
ते मला शिकवलेलं आहे.
पाच मुद्दे आहेत, क्रमानं.
मी टोपली तिच्याकडे सरकवली.

कागद अजून टेबलावर.
पाठकोऱ्या बाजूला भिशीचा हिशेब मांडलाय :
लुणिया भाभी, जमा. शकीला आपा, जमा.
कुमुदच्या नावापुढे
माझ्याकडूनच येणं बाकी आहे,
किती, ते लिहायला गेले
तर भिंतीवर काहीतरी आपटलं.
पाइप. या खेपेला तिचा.
माझी मोटर कालपासून बंद आहे,
मी सांगितलंही नव्हतं.
"अगं, नळ आलाय," ती ओरडतेय,
"टाकीचं झाकण काढ आधी!"